डाव्या हाताचा उशीर

पुलाचा चढ संपला तशी ताईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "वहिनी, अजून निम्मी वाटही झाली नाही. आत्ताच बसकण मारू नकोस."

"मी कुठे बसले? कठड्याला तुम्हीच टेकलात."

"मी नाही टेकले. पिशवी टेकली. मी आपली तिच्या सोबतीला थांबले."

वहिनींना हसू फुटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. यजमानांना इस्पितळात तिसऱ्या मजल्यावरच्या खाटेवर सोडून त्या निघाल्या होत्या. तपासण्या उद्या दुपारपर्यंत चालायच्या होत्या आणि सोबतीला कुणी थांबायचं नाही असा तिथला नियम. खाली येऊन बघतात तर मोठा रस्ता नळ घालायला उभा-आडवा खणलेला, बस बंद, दुसरं वाहन औषधालाही नाही. मग दोघी नणंद-भावजय चालतच निघाल्या. वाट दीड तासाची. पिशवीत यजमानांचे बदललेले कपडे, चष्म्याचं घर आणि डॉक्टरांनी दिलेले कागद.

डॉक्टर तसे भले वाटले. त्यांनी यजमानांना मुठी उघडमीट करायला लावल्या, मग अंगठ्यावर शेजारचं बोट आपटायला सांगितलं. उजवा हात टपटप चालला. डावा आधी अडला, मग चालला, मग लहान लहान होत थांबला. "हे कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं. यजमान म्हणाले, "झाले असतील सहा महिने." डॉक्टरांनी मान हलवली. "तुम्हाला कळल्याला सहा महिने. सुरू होऊन तीन-चार वर्षं सहज झाली असतील. हालचाल मंद करणारा हा आजार पावलं न वाजवता घरात शिरतो."

ते ऐकलं आणि ताई जागच्या जागी गप्प झाल्या. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं, पण वहिनींनी त्यांच्यासोबत एका घरात पंचवीस वर्षं काढलेली. कुठल्या कागदावर सही करायची झाली तरी समोरच्या कारकुनाला दोन शब्द सुनावल्याशिवाय ताईंचं पेन उठत नसे. आज मुकाट सही केली, पेन परत दिलं, आणि जिना उतरताना नेहमीसारख्या पायऱ्यासुद्धा मोजल्या नाहीत. पुलावरचा तो पिशवीचा विनोद सोडला तर तोंडातून अक्षर नाही, आणि विनोदही कुणी पाठ करून दिल्यासारखा निघाला होता.

ताई यजमानांपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. वय अठ्ठावन्न. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर सांगायच्या, "दोघं जण बघून गेले होते. एकाची पावलं बेताल पडायची आणि दुसरा बेसूर शीळ घालायचा." खरं कारण काय ते वहिनींनी कधी खोदून विचारलं नाही. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा चार बायकांनी त्यांना बजावलं होतं की घरात थोरली नणंद आहे, जपून राहा. तिसऱ्या दिवशी वहिनींनी माहेरून आणलेलं शिलाईचं मशीन चालवायला घेतलं, तर मागच्या खोलीतून ताई हातात पेचकस घेऊन आल्या. म्हणाल्या, "ऊठ. तुझं मशीन तीन टाके घालतं आणि चौथ्याला ठेच खातं. सकाळपासून ऐकून डोकं उठलंय माझं." अर्ध्या तासात मशीन लोण्यासारखं चालायला लागलं. तिथपासून दोघींचं जमलं ते जमलंच.

ताईंचा पहिला धंदा उतारे काढायचा. वाद्यवृंदात तीस माणसं असली की प्रत्येकाला आपल्या वाट्याचा कागद लागतो. पाच रेघा आणि त्यांवर टिंबं. हे कागद ताई टाकाने, शाईने हातानं लिहून द्यायच्या. अक्षर असं की वाजवणारे म्हणायचे, हिच्या कागदावर चूक वाजवायची लाज वाटते. मग संगणक आले आणि वर्षभरात ते काम बसलं. ताई महिनाभर घरात नुसत्या बोटं टेबलावर आपटत बसल्या. मग उठल्या आणि ज्यांनी पोटावर पाय दिला त्यांच्याच दारात जाऊन उभ्या राहिल्या. एक लहानशी कंपनी होती, गाडी शिकवणाऱ्या क्लासच्या वरच्या मजल्यावर, तीन खोल्या, सात माणसं. संगणकावर स्वरलेखन करायचा प्रोग्राम बनवायचे ते लोक. ताईंना त्यांनी छापलेली पानं तपासायला ठेवलं, कुठलं टिंब कुठल्या रेघेवर चढलंय ते बघायला. दोन वर्षं ताईंनी ते बघितलं, आणि साहेबांनी अडगळीत टाकलेली पुस्तकं घरी आणून चाळिशीत प्रोग्राम लिहायला शिकल्या. साहेब म्हणाले, तुम्ही कधी शिकलात? ताई म्हणाल्या, "तुम्ही जेवायला जाता तेव्हा."

पुलाखाली उतरल्यावर रस्ता परत खणलेला. खड्ड्यात छातीपर्यंत उभा असलेला मजूर ओरडला, "मावशी, इकडून नाही! त्या गोदामाच्या भिंतीकडून जा."

"अरे, ते किती लांब पडतं!" वहिनी म्हणाल्या.

"लांब पडतं, पण खड्ड्यात नाही पडत."

एरवी ताईंनी त्याला तोडीस तोड दिली असती. आज नुसत्या वळल्या आणि भिंतीच्या कडेनं चालू लागल्या. वहिनी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होत्या, पावलाला एकदा, ते थांबलं.

"ताई, काय झालंय? डॉक्टर माझ्या माघारी काही बोलले का?"

"नाही गं. बोलायचं ते तुझ्यासमोरच बोलले. तीन-चार वर्षं म्हणाले ना?"

"हो."

"साडेतीन. मला तारीख सांगता येईल."

वहिनींना काहीच कळलं नाही.

कंपनीत ताईंच्या वाट्याला जे काम आलं ते बाकी सहाजणांपैकी कुणालाच नको होतं. माणसं विजेच्या कीबोर्डवर वाजवतात, त्याची मिडी फाइल तयार होते. ती फाइल प्रोग्रामात आणली की प्रोग्रामानं तिच्यावरून आपोआप स्वरांचा कागद काढायचा. सगळ्या प्रोग्रामात यावर जेवढ्या शिव्या पडायच्या तेवढ्या कशावर पडत नसत. वहिनींना आधी वाटायचं, फाइलीत गाणं असतं, मग उतरवायला काय झालं? ताईंनी समजावलं होतं, "गाणं नसतं गं, हजेरीपट असतो. कुठली पट्टी कधी दाबली, किती जोरात, कधी सोडली. संपलं. ठोका कुठे पडतो, डावा हात कुठला, उजवा कुठला, यातलं अक्षर लिहिलेलं नसतं. तुझ्याकडे कुणी नुसते आकडे आणून टाकले, छाती की कंबर की बाही काही न सांगता, आणि म्हणालं की शीव सदरा, तसं." वहिनी शाळांचे गणवेश शिवायच्या. त्यांना ते एका दमात कळलं.

घरातच असे हजेरीपट तयार होत होते. यजमान पाणीखात्यात मीटर वाचायचे, दिवसभर लोकांच्या जिन्याखाली टॉर्च घेऊन वाकायचं. संध्याकाळी मात्र ते प्रार्थनाघरात कीबोर्ड वाजवायचे. बावीस वर्षं. स्वरलेखन शिकले नाहीत, म्हणायचे, "ताईच्या त्या टिंबांना मी भितो." पण प्रार्थनांना चाली लावायचे, अगदी स्वतःच्या. लहानपणी डबे बडवायचे म्हणून ताई त्यांना ठोक्या म्हणायच्या, ते पन्नाशी उलटली तरी सुटलं नव्हतं. चाल बसली की ते घरच्या कीबोर्डवर एकदा सबंध वाजवायचे, बटण दाबून साठवायचे आणि वहीत नंबर टाकायचे. नाव कुठल्याच चालीला नाही. पहिली, दुसरी, सातवी. अशा चाळीस झाल्या.

पहिली चाल ताईंनी प्रोग्रामात घातली तो दिवस वहिनींना लख्ख आठवत होता. कागद बाहेर आला तो असा, की शाईत पडलेल्या मुंग्या पाय पुसत गेल्यात. साध्या चार ठोक्यांच्या ओळीला इवल्या इवल्या टिंबांची आणि विरामांची झालर लागलेली. यजमानांनी तो उलटा धरला, सुलटा धरला. "ताई, हे मी वाजवलं?"

"यंत्र म्हणतंय तसं."

"मग मला वेड्यांच्या इस्पितळात टाका आणि यंत्राला प्रार्थनेला बसवा."

ताई हसल्या खऱ्या, पण तो कागद त्यांच्या जिव्हारी लागला. आयुष्यभर ज्यांनी हातानं मोत्यासारखी टिंबं लिहिली त्यांच्या प्रोग्रामानं सख्ख्या भावाच्या चालीची ही दशा करावी! त्यांनी ठरवलं की ठोक्याच्या झालेल्या आणि पुढे होतील त्या सगळ्या चाली एक दिवस वाचता येतील अशा कागदावर उतरवायच्या, आणि तेही हातानं नाही, यंत्राकडून. मग सहा वर्षं प्रत्येक सुधारणा त्या या चालींवर घासून बघायच्या. ठोका कुठे आहे ते यंत्राला ओळखता येईना तेव्हा त्यांनी वहिनींना संगणकासमोर बसवलं. चाल वाजायची आणि वहिनींनी ठोक्याठोक्याला संगणकाच्या बटणांखालच्या लांब पट्टीवर बोट मारायचं. मशीनच्या पायट्यावर तीस वर्षं पाय ठेवलेली बाई ती, तिचा ठोका हलणार कसा! ताई म्हणायच्या, "या घरात खरी तालाची तूच. आम्ही नुसते आवाज करतो."

शेवटच्या दहा-बारा चाली बाकीच्यांहून अवघड गेल्या. त्यांत डावा हात उजव्याच्या मागून यायचा. कानाला ते गोड लागायचं, पण कागदावर एकाच ठोक्यावर दोन टिंबं यायच्या जागी एक आधी, मग केसाएवढा विराम, मग दुसरं, अशी जत्रा व्हायची. ताईंनी एक युक्ती काढली. डावा हात इतक्या अंतरापर्यंत मागे राहिला तर तो मागे नाही, बरोबरच आहे असं समजायचं आणि त्याला ओढून उजव्याच्या खाली बसवायचं. युक्ती लागू पडली. मुंग्या गेल्या, टिंबं ओळीत उभी राहिली. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. ताईंनी त्या दिवशी घरी आल्याआल्या भावाला सांगितलं, "ठोक्या, तुझ्या लकबीमुळे प्रोग्राम सुधारला बरं का." यजमान केवढे खूश झाले होते!

"तारीख कसली, ताई?" वहिनींनी विचारलं. भिंत संपून आता बंद दुकानांची रांग लागली होती.

"मागच्या महिन्यात एका शिक्षकाचं पत्र आलं. त्याचे विद्यार्थी डावा हात मुद्दाम मागून वाजवतात, चालच तशी आहे, आणि आमचा प्रोग्राम दोन्ही हात एकत्र बसवून टाकतो. मग आणखी चार पत्रं आली. साहेब म्हणाले, डावा किती मागे चालेल ती तुमची मर्यादा एवढी मोठी कशी, जरा बघा. मी बघितलं. सहा वर्षं मी ठोक्याच्या चाली सोप्यापासून अवघडपर्यंत लावून ठेवल्या होत्या. सोमवारी पहिल्यांदा तारखेनं लावल्या."

"मग?"

"सेकंदाचे हजार भाग कर. पहिल्या चालीत डावा हात बारा भाग मागे. एवढा कुणाचाही असतो. विसावीत पंधरा. अठ्ठाविसावीत तीस. एकतिसावीत पंचेचाळीस. चौतिसावीत साठ. अडतिसावीत पंच्याऐंशी. शेवटच्या चाळिसावीत एकशे दहा." ताई चालता चालता सांगत होत्या, दुकानातून आणायचं सामान वाचून दाखवावं तसं. "जिन्यासारखं चढत गेलंय, वहिनी. एक पायरी सुटलेली नाही. एकतिसावी केली त्याला साडेतीन वर्षं झाली."

वहिनी थांबल्या. समोर एका दुकानाच्या फळीवर कुणाचं तरी मांजर झोपलं होतं, त्याच्याकडे बघत राहिल्या.

"सोमवारी हे बघून मला काय वाटलं असेल?" ताई म्हणाल्या. "मला वाटलं, लकब मुरत गेली. वय वाढेल तसा ठोक्या जास्त गोड वाजवायला लागला. मी एकटीच हसले सुद्धा. आणि आज तो डॉक्टर म्हणतो, तीन-चार वर्षं."

"म्हणजे तुम्हाला दिसत होतं."

"दिसत होतं."

"आणि तुम्ही ते झाकलंत."

"झाकलं नाही गं. दुरुस्त केलं. मला वाटलं, मी दुरुस्त करतेय."

"दुरुस्त!" वहिनींचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "घरात माणसाचा हात चाललाय आणि तुम्ही कागद दुरुस्त करत बसलात? मशीनचा एक टाका अडला तर पेचकस घेऊन धावता तुम्ही! सख्ख्या भावाचा हात अडतोय ते कळू नये?"

ताईंनी पिशवी खाली ठेवली आणि दुकानाच्या पायरीवर बसल्या. आता मात्र त्या बसल्या होत्या, पिशवीच्या सोबतीचं निमित्त न करता. वहिनी उभ्याच राहिल्या. बोलल्याचा पश्चात्ताप व्हायला त्यांना फार वेळ लागला नाही, कारण त्याच क्षणी त्यांना आठवलं की लांब पट्टीवर बोट मारायला त्या स्वतः बसत होत्या. प्रत्येक चालीत त्यांचं बोट उजव्या हाताबरोबर पडत होतं आणि डावा मागून येत होता. कानानं त्यांनीही ऐकलंच होतं. जेवताना पाण्याचा पेला यजमान हल्ली उजव्या हाताला मागून घेतात, हेही पाहिलं होतं. सदऱ्याची डावी बाही आधी घालायला लागले होते, ती बाही त्यांनीच शिवलेली. पाहिलं होतं आणि काही वाटलं नव्हतं. कुणी कुणाला विचारायचं?

त्या ताईंच्या शेजारी जाऊन बसल्या.

"तेव्हा कळलं असतं तर फरक पडला असता का?" त्यांनी विचारलं.

"तू खाली औषधांच्या खिडकीवर होतीस तेव्हा मी डॉक्टरला तेच विचारलं. म्हणाला, फारसा नाही."

"मग झालं तर."

"भली माणसं असंच म्हणतात, वहिनी."

मांजर उठून आळस देऊन दुसऱ्या कुशीवर झोपलं. रस्त्यावरून एक बाई दोन मुलांना ओढत गेली. वहिनींच्या डोक्यात चौतिसावी चाल सुरू झाली होती, न बोलावता. चाळीसांतली त्यांची सगळ्यांत लाडकी तीच. संथ चाल, उजवा हात एकटाच निघतो, आणि प्रत्येक पावलाला मागून डावा येतो. प्रार्थनेत ती लागली की वहिनी डोळे मिटायच्या आणि त्यांना वाटायचं, आपण चाललोय आणि मागून कुणीतरी येतंय, घाई करत नाही, पण सोडतही नाही. एकदा घरी येताना त्यांनी ताईंसमोरच यजमानांना सांगितलंही होतं. यजमान नेहमीसारखे लाजले होते. "मी काही केलं नाही," म्हणाले होते, "आपोआप झालं ते." वहिनींनी त्या दिवशी देवाचे आभार मानले होते.

साठ भाग. सेकंदाचे हजार भाग केले तर साठ.

"रविवारी गायनबाई येणार," ताई म्हणाल्या.

ते वहिनींना माहीत होतंच. प्रार्थनाघरात आता यजमानांच्या जागी शाळेतल्या गायनबाई बसायच्या होत्या. त्यांची बोटं चांगली, पण कागदाशिवाय एक पट्टी वाजवत नाहीत. ऐकून उचलायची सवयच नाही त्यांना. यजमानांनी गेल्या सहा महिन्यांत एकच हट्ट धरला होता: आपल्या डोळ्यांदेखत, आपला कान ठीक आहे तोवर, बाईंनी सगळ्या चाली कागदावरून वाजवून दाखवाव्यात आणि आपण 'हो, ही माझी' म्हणावं. त्यानंतर काय व्हायचं ते होऊ दे. तीस चालींचे कागद ताईंनी देऊन टाकले होते. यजमानांनी ते गादीखाली ठेवले होते, कुणी जमिनीचे कागद ठेवावेत तसे, आणि टिंबं वाचता येत नसतानाही अधूनमधून काढून बघायचे. राहिल्या होत्या शेवटच्या दहा.

"मग द्या ना ताई, त्याही छापून. प्रोग्राम तर आता नीट काढतो म्हणालात."

"नीट म्हणजे कसं, तेच मला कळेनासं झालंय." ताईंनी गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले. "माझ्याकडे दोन वाटा आहेत. डावा ओढून उजव्याच्या खाली बसवला तर कागद स्वच्छ. गायनबाई तो वाजवतील, दोन्ही हात बरोबर पडतील, आणि तुझी चौतिसावी मरेल. त्यात मागून कुणी येणार नाही. आणि डावा आहे तसा मागे लिहिला, तर गायनबाई तो तसाच्या तसा वाजवतील, दर आठवड्याला, वर्षानुवर्षं. तो जर चालीतला नसला, आजारातला असला, तर? मी माझ्या भावाचा आजार पाच रेघांवर लिहून ठेवायचा आणि लोकांनी तो डोळे मिटून ऐकायचा?"

"पण प्रोग्रामाला नाही का कळत काही? एवढी सहा वर्षं..."

"प्रोग्रामाला!" ताई हसल्यासारख्या झाल्या. "अगं, तो हजेरीपट आहे. मूल उशिरा का आलं ते हजेरीपटात लिहिलेलं असतं का? साठ भाग उशीर, एवढंच लिहिलंय. मनातून ठेवला की हातून राहिला, ते कुठे आहे? मी आकडे उलटेसुलटे करून पाहिले. संथ जागी उशीर जास्त आहे. म्हणजे मुद्दाम असेल. पण डॉक्टर म्हणाला, आजारातही संथ जागीच हात जास्त अडतो. एका बाजूनं दार लोटलं की दुसऱ्या बाजूनं बंद."

"मग ह्यांनाच विचारा."

हे बोलून गेल्यावर वहिनींना ते ऐकू आलं. ताई त्यांच्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर ना राग, ना थट्टा. पेचकस घेऊन दारात उभी राहिलेली ती बाई कुठल्या कुठे गेली होती. या बाईच्या हातात काहीच नव्हतं.

"काय विचारू?" ताई म्हणाल्या. "ठोक्या, तुझ्या शेवटच्या दहा चाली, ज्या ऐकून लोक रडतात, त्या तू केल्यास की तुझ्या आजारानं? असं? डॉक्टरनं वर्षं सांगितली तरी तो अजून समजतोय की हात सहा महिन्यांपूर्वीच धरला. त्याआधीचं सगळं त्याचं आहे, निखळ. मी विचारलं की ते संपलं. तो काही बोलणार नाही. 'आपोआप झालं' म्हणेल आणि गादीखालचे कागद परत कधी काढून बघणार नाही. आणि नाही विचारलं तर रविवारी मी त्याच्यापुढे काहीतरी ठेवीन, गायनबाई वाजवतील, आणि तो ऐकून म्हणेल, ही माझी नाही. किंवा त्याहून वाईट. भिडस्त माणूस. माझीच म्हणेल."

सावल्या रस्त्याच्या पलीकडे पोचल्या होत्या. घर अजून तीन वळणं पुढे. वहिनींनी देवाला काहीतरी मागायचं म्हणून डोळे मिटले, आणि नेमकं काय मागावं तेच त्यांना सुचेना. चाल खरी असू दे, की हात आधीपासून गेलेला नसू दे? दोन्ही एकच होतं, आणि जे व्हायचं ते साडेतीन वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं. होऊन गेलेलं मागता येत नाही. त्यांनी डोळे उघडले.

"उद्या दुपारी तो घरी येईल," ताई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता, शेजारी बसूनही वहिनींना कान द्यावा लागला. "मी ऑफिसात असेन. मुद्दाम जाईन. त्याला मुळीच घाई करू नकोस, जेवूखाऊ घाल, पडू दे जरा वेळ. मग चौतिसावी लाव. तू लावलीस तर त्याला काही वाटणार नाही, तू नेहमीच लावतेस. आणि संपली की विचार, डावा हात मुद्दाम मागे ठेवला होता का, म्हणून. एवढंच. मी पाठवलं म्हणून सांगू नकोस. नाही... सांग. मी तीन वर्षं पाहत होते हेही सांग, त्याला ते माझ्याकडून कळायला नको, तुझ्याकडून कळू दे. वहिनी, माझ्यानं नाही गं होणार. तू विचारशील का त्याला?"